आरंभीची दोन मिनिटे : रहस्यपट आणि आपली एक जुनी शाळा

दृक्श्राव्य माध्यमांच्या विद्यार्थ्यांना हल्ली एक ठरावीक काम दिले जाते. थरारपटाच्या आरंभाची दोन मिनिटे चित्रित करून आणायची. संपूर्ण कथा नको, शेवट नको, गुन्हेगार कोण हेही ठरलेले नसले तरी चालते. पाहणाऱ्याला पुढचे पाहावेसे वाटले म्हणजे झाले. जळगाव-धुळ्याकडच्या महाविद्यालयांतून हे काम करणारी मुले पुष्कळदा मराठी विभागाकडे वळतात, कारण त्यांना संवाद लिहून किंवा निदान तपासून हवे असतात. त्या निमित्ताने गेल्या काही वर्षांत आम्ही अशा बऱ्याच चित्रफिती पाहिल्या. बहुतेकींचा तोंडवळा सारखा. काळा पडदा, जड श्वास, ओल्या रस्त्यावरून पळणारे पाय (जळगावात ओला रस्ता वर्षाकाठी फार थोडे दिवस मिळतो, म्हणून बादल्यांनी पाणी ओतलेले), टोपीआड दडलेला चेहरा, मग एकदम किंकाळी आणि शीर्षक. तंत्र वाईट नसते. मोबाईलवर आता बरेच काही साधते. पण पाहणाऱ्याला भीती वाटत नाही, कारण भ्यायचे कोणासाठी हेच त्याला कळलेले नसते.

रहस्याचा आरंभ म्हणजे लपवणे, आणि जितके अधिक लपवावे तितके रहस्य गडद, असा या मुलांचा समज दिसतो. तो सर्वस्वी त्यांचा नाही. जालावर जे तयार नमुने मिळतात ते असेच असतात. आणि ज्या भाषेत ही मुले विचार करतात, त्या भाषेच्या अभ्यासक्रमात रहस्यकथेला जागा नाही; मग नमुना तरी कोठून घ्यावा? वास्तविक आरंभ कसा बांधावा याची एक जुनी शाळा आपल्यापाशी आहे. तिचे वर्ग एका ठिकाणी भरत नाहीत. काही संस्कृत नाटकात, काही भाडोत्री वाचनालयाच्या फळीवर, काही 1964 सालच्या एका मराठी चित्रपटात आणि काही थेट आमच्या खानदेशाच्या शिवेवर. त्या शाळेचा हा त्रोटक इतिहास.

पहिला वर्ग विशाखदत्ताचा. बहुधा गुप्तकाळातल्या या नाटककाराचे 'मुद्राराक्षस' आपण राजकीय नाटक म्हणून शिकवतो, चाणक्याच्या व्यक्तिरेखेवर टिपणे देतो आणि पुढे जातो. त्याच्या पहिल्या काही पृष्ठांकडे चित्रपटाचा आरंभ म्हणून पाहावे. नांदीतच पार्वती शंकराला विचारते की तुमच्या मस्तकावर बसलेली ही भाग्यवती कोण? शंकर गंगेचे नाव टाळतो, चंद्रकलेचे नाव सांगतो, शब्दांचा खेळ करून बायकोला चकवतो. आणि अशा त्या देवाची लबाडी प्रेक्षकांचे रक्षण करो अशी प्रार्थना होते. कपटावरच्या नाटकाचा आशीर्वादही कपटाचा! पार्वतीला ठाऊक नाही ते प्रेक्षकाला ठाऊक आहे. नाटक सुरू होण्यापूर्वीच नाटककाराने प्रेक्षकाला आपल्या बाजूला बसवून घेतले.

पुढे सूत्रधार घरी येतो तो नटी ब्राह्मणभोजनाच्या तयारीत. का, तर चंद्रग्रहण आहे म्हणून. सूत्रधाराला ज्योतिष येते. आज ग्रहण होणे शक्य नाही असे तो सांगू लागतो, आणि क्रूर ग्रह चंद्राला ग्रासू पाहतो आहे अशा अर्थाचे शब्द त्याच्या तोंडून निघतात न निघतात तोच पडद्याआडून गर्जना होते : मी असताना चंद्राला ग्रासू पाहणारा हा कोण? चंद्र म्हणजे चंद्रगुप्त असे समजून चाणक्य खवळलेला आहे. सूत्रधार आवाज ओळखतो आणि बायकोला घेऊन चक्क पळ काढतो. मग मोकळ्या शिखेवरून हात फिरवीत चाणक्य प्रवेशतो. यातले काम पाहा. घरातला स्वयंपाक, नवराबायकोचे साधे बोलणे, पंचांगातला वाद; इतक्या सामान्य जागेतून एका शब्दाच्या दुहेरी अर्थावर पाय देऊन आपण थेट राजकारणाच्या गाभ्यात उतरतो. अंधार नाही, किंकाळी नाही. माणूस दिसण्याआधी त्याचा आवाज आला आणि तो आवाज ऐकून दुसरा माणूस पळाला, एवढ्यावर चाणक्याची दहशत उभी राहिली.

आणखी एक तपशील आम्हांला चित्रपटाच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो. चाणक्याचा हेर निपुणक हा यमपट दाखवीत, गाणी म्हणत घरोघर फिरणारा म्हणून वावरतो. म्हणजे चित्रे दाखवून कथा सांगणारा, आपल्या चित्रकथी मंडळींचा पूर्वजच. हा चित्रवाला चंदनदास जवाहिऱ्याच्या घरी असताना एक लहान मूल दाराबाहेर धावते, त्याला आवरायला एक बाई हात पुढे करते, तिच्या बोटातली अंगठी निसटते, घरंगळते आणि याच्या पायाशी येऊन थांबते. ती राक्षसाची मुद्रा. म्हणजे राक्षसाचे कुटुंब त्या घरी लपलेले आहे. चाणक्य ती अंगठी घेतो, राक्षसाच्याच मित्राच्या हस्ताक्षरात एक पत्र लिहवून आणतो आणि त्यावर ही मोहर उठवतो. हे सर्व पहिल्या अंकात, आपल्या डोळ्यांसमोर. आता पुढे राक्षस रंगभूमीवर येऊन जे जे बोलेल, ज्याच्यावर विश्वास टाकील, त्या प्रत्येक क्षणी ते पत्र आपल्या मनात सरकत राहणार. नाटककाराने पत्राचा मजकूर तेवढा पुरता उघड केलेला नाही. बाकी काहीही लपवलेले नाही.

आल्फ्रेड हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफोला 1962 साली ज्या प्रदीर्घ मुलाखती दिल्या (त्यांचे पुस्तक 1966 मध्ये निघाले), त्यांत हेच तत्त्व टेबलाखालच्या बॉम्बच्या दृष्टान्ताने सांगितले आहे. चार माणसे गप्पा मारत बसली आहेत आणि अकस्मात स्फोट झाला तर काही क्षणांचा धक्का बसतो. तीच माणसे, त्याच निरर्थक गप्पा, पण बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने पाहिले असेल आणि भिंतीवरचे घड्याळही त्याला दिसत असेल, तर पंधरा मिनिटे तो खुर्चीच्या टोकावर बसतो. त्यापूर्वीच, 1958 मध्ये, ऑर्सन वेल्सने 'टच ऑफ ईव्हिल'च्या पहिल्या दृश्यात हे अक्षरशः करून दाखवले होते : मोटारीच्या डिकीत बॉम्ब ठेवला जातो आणि मग न तुटणाऱ्या एकाच चित्रीकरणात ती मोटार गर्दीच्या रस्त्यातून, नायक-नायिकेच्या शेजारून, सीमा-नाक्याकडे रेंगाळत जाते. त्याहूनही हलक्या हाताने फ्रिट्झ लँगने 1931 च्या 'एम'मध्ये आरंभ बांधला. अंगणात मुले खुन्याचे गाणे म्हणत खेळत आहेत, एक आई मुलीच्या जेवणाचे ताट मांडते आहे, घड्याळ पुढे सरकते आहे. खून दिसत नाही. रिकामे ताट दिसते, झुडपातून घरंगळत आलेला चेंडू दिसतो, तारांत अडकलेला फुगा दिसतो. घरंगळणारी अंगठी आणि घरंगळणारा चेंडू यांत दीड हजार वर्षांचे अंतर असेल. युक्ती एकच आहे.

मराठीत 'सस्पेन्स'ला नेमका शब्द रुळला नाही, आणि त्यामुळे वर्गात थोडी गल्लत होते. काय झाले ते कळत नाही तेव्हा वाटते ते कुतूहल. काय होणार ते कळले आहे, पण ते टळेल की नाही हे कळत नाही तेव्हा वाटते ती उत्कंठा. विद्यार्थ्यांच्या चित्रफिती कुतूहलावर पोसलेल्या असतात. दोन मिनिटांच्या कामात कुतूहल फार लवकर विझते, कारण त्याला धरून ठेवणारा माणूसच अजून आपल्या ओळखीचा नसतो.

आता भाडोत्री वाचनालयाच्या फळीकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांनी मराठी वाचकाला आणि लेखकाला झपाटले, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात नाक मुरडून सांगितली जाते. विसाव्या शतकात बाबुराव अर्नाळकर (1906–1996) आले आणि त्यांनी एकट्याने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू ही नावे ज्या पिढीने उशीखाली दडवून वाचली ती पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. त्यांच्यानंतर गुरुनाथ नाईक, मग सुहास शिरवळकर (1948–2003). भयकथेच्या वाटेवर नारायण धारप (1925–2008). या सर्वांची एक व्यावसायिक अडचण सारखी होती. वाचनालयाच्या काउंटरवर उभा असलेला वाचक पुस्तक उघडतो, पहिले पान चाळतो आणि घ्यायचे की नाही ते ठरवतो. लेखकाला तेवढ्या एका पानात माणूस, जागा आणि अडचण तिन्ही उभी करावी लागत. दोन मिनिटांची चित्रफीत करणाऱ्याचीही नेमकी हीच अडचण. पहिल्या पानाची ही कारागिरी शेकडो वेळा घोटून झालेली होती, आणि ती शिकण्याजोगी होती.

धारपांचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी उपयोगी आहे. त्यांनी परभाषेतले पुष्कळ घेतले. 'लुचाई'मागे स्टीफन किंगची 'सेलम्स लॉट' आहे हे आता सर्वज्ञात आहे. पण घेताना त्यांनी ते मराठी वाड्यात, मराठी आळीत आणून ठेवले. 2018 च्या 'तुंबाड' या हिंदी चित्रपटामागे धारपांच्या कथेची प्रेरणा असल्याचे त्याच्या कर्त्यांनीच सांगितले आहे. म्हणजे अमेरिकेतून निघालेली एक भीती मराठी मासिक-पुस्तकातून फिरून पडद्यावर कोकणी पावसात भिजून आली. आमच्या विद्यार्थ्याने 'तुंबाड' दहादा पाहिलेला असतो. धारपांचे एकही पुस्तक त्याने पाहिलेले नसते, आणि पाहावे म्हटले तर पूर्वी ते सहज मिळतही नसे.

येथे थोडे विषयांतर करतो. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. 1926 च्या अखेरीस धुळ्यातच देह ठेवणाऱ्या इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांच्या पश्चात ते उभे राहिले. राजवाडे गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरे मिळवीत, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच राजवाड्यांनी 1902 मध्ये 'कादंबरी' नावाचा दीर्घ निबंध लिहून या करमणुकीच्या मानल्या गेलेल्या प्रकाराची कसून चिकित्सा केली, हे मात्र साहित्याच्या विद्यार्थ्यालाही आठवण करून द्यावे लागते. कागद जपला नाही तर इतिहास राहत नाही, हे ज्याला कळले होते त्याने कादंबरीही गंभीरपणे वाचली. रहस्यकथेच्या बाबतीत आपण या दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. स्वस्त कागदावर छापलेली, हातोहात फिरून झिजलेली ही पुस्तके वाचनालयांतून रद्दीत गेली. अलीकडे काहींच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, हे चांगलेच झाले. तरीही अर्नाळकरांच्या सर्व पुस्तकांची आरंभाची पाने एकत्र मांडून त्यांचा अभ्यास करावा म्हटले तर ते एखाद्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला जन्मभर पुरेल इतके दुष्कर काम होईल. असो.

चित्रपटाकडे येताना आम्ही विद्यार्थ्यांना प्रथम 'पाठलाग' पाहायला सांगतो. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून राजा परांजपे यांनी 1964 मध्ये तो काढला. 'लाखाची गोष्ट', 'पेडगावचे शहाणे', 'जगाच्या पाठीवर' अशा हसऱ्या-हळव्या चित्रपटांचा हा दिग्दर्शक रहस्याकडे वळला, तेव्हा त्याने रहस्याचे टोक आधी कापून टाकले. नायकाची पत्नी मरते. संशयाला जागा नाही. ती त्याच्यासमोर जाते. आणि मग पोलिसांनी पकडलेली एक बाई, चेहऱ्याने हुबेहूब तीच, उभी राहून म्हणते की मीच तुमची बायको. प्रेक्षक आणि नायक यांना एकच गोष्ट एकाच वेळी पक्की ठाऊक आहे आणि तिच्याविरुद्ध समोर पुरावा उभा आहे. काशिनाथ घाणेकरांच्या चेहऱ्यावरचे द्वंद्व आपल्याला कळते, कारण ते आपलेही आहे. समजा, आरंभीचा तो मृत्यू दाखवला नसता, नुसते कोणाच्या तोंडून कळवले असते, तर संपूर्ण चित्रपट एका कोर्टकज्जावर येऊन थांबला असता. आपण बाहेरून वादी-प्रतिवादी ऐकत बसलो असतो.

योगायोग असा की त्याच 1964 साली राज खोसलांचा 'वह कौन थी?' आला. त्याचा आरंभ सर्वांना आठवतो : मुसळधार पाऊस, रात्र, मोटार, काचेवरचे वायपर, रस्त्याच्या मधोमध उभी पांढऱ्या साडीतली स्त्री आणि कब्रस्तान. अतिशय देखणा आरंभ. आमच्या विद्यार्थ्यांचे पाण्याने भिजवलेले रस्ते याच घराण्यातले. पुढे 1966 मध्ये याच खोसलांनी 'पाठलाग'वरून 'मेरा साया' केला आणि तेथे त्यांनाही आधी पत्नीचा मृत्यू नायकाच्या मिठीत दाखवावा लागला. एका दिग्दर्शकाचे दोन वर्षांच्या अंतराने केलेले हे दोन आरंभ शेजारीशेजारी ठेवावेत. पहिला पाहताना अंगावर काटा येतो, आणि कथा पुढे सरकली की तो काटा ओसरतो. दुसऱ्यात काटा येत नाही, पण आरंभी पाहिलेले ते मरण अखेरपर्यंत सुटत नाही. आम्हांला दुसरा अधिक टिकाऊ वाटतो; यावर आमच्यातच मतभेद आहेत हेही सांगून टाकू.

मराठी चित्रपटात पुढे या शाळेचे धडे तुरळक मिळतात. डॉ. जब्बार पटेल यांच्या 'सिंहासन'ला (1979) कोणी थरारपट म्हणत नाही. पण अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या त्या पटकथेत मुख्यमंत्र्याला निनावी फोन येतो की तुमच्याविरुद्ध कट शिजतो आहे, आणि तेथून पुढे मंत्र्यांचे प्रत्येक हसणे, प्रत्येक नमस्कार आपण संशयाने पाहू लागतो. टेबलाखाली बॉम्ब ठेवून झाला. निशिकांत कामत यांच्या 'डोंबिवली फास्ट'ने (2005) तर आरंभासाठी रोजची सकाळच वापरली : तेच उठणे, तोच डबा, तीच लोकल, पुन्हा तेच, पुन्हा तेच, प्रत्येक फेरीत थोडे अधिक वेगाने. काहीही घडत नाही आणि हा मनुष्य तुटणार हे आपल्याला कळते. दहा वर्षांनी याच कामतांनी हिंदी 'दृश्यम्' केला. मूळ मल्याळी चित्रपट 2013 चा. त्याचा नायक केबल चालवणारा, शाळा अर्धवट सोडलेला. जे काही शिकला ते चित्रपट पाहून. खून आपण आपल्या डोळ्यांनी पाहतो. उरतो तो प्रश्न एवढाच की हे कुटुंब सापडेल की सुटेल.

चित्रपट पाहून चित्रपट शिकण्याची गोष्ट निघाली की आम्हांला धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने तासाभराच्या अंतरावरचे मालेगाव आठवणे अपरिहार्य आहे. जिल्हा नाशिक, पण बोलणे-चालणे, बाजारहाट, सोयरिकी यांनी खानदेशाला चिकटलेले, यंत्रमागांचे गाव. तेथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी 2000 साली मित्रमंडळी जमवून 'मालेगाव के शोले' काढला. पुढे फैजा अहमद खान यांनी 2008 मध्ये 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला, त्याने हे गाव जगाला कळले. आणि रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' 2025 च्या फेब्रुवारीत चित्रपटगृहांत लागला. या प्रसिद्धीत एक गोष्ट मागे पडली. लोक त्या चित्रपटाकडे गंमत म्हणून पाहतात, आणि गंमत तर ती आहेच. पण चित्रपटकलेचे कसलेही रीतसर शिक्षण न घेतलेल्या माणसाने प्रत्यक्ष 'शोले' समोर ठेवून दृश्ये पुन्हा बांधली, हा अभ्यासाचा एक जुना आणि कडक मार्ग आहे. गायनात घराण्याची बंदिश जशीच्या तशी उतरवून घेतात, तसा.

'शोले'तला आगगाडीवरचा दरोडा घ्या. मालेगावला रेल्वे नाही, स्टेशन मनमाडला. तेव्हा आगगाडीच्या जागी बस आली आणि दरोडेखोरांच्या घोड्यांच्या जागी सायकली. आता वर्गात आम्ही विचारतो : गाडी काढून बस घातली तर काय टिकले आणि काय गेले? टिकले ते हे की चालते वाहन हीही एक कोंडलेली जागा असते. आतल्यांना उतरता येत नाही आणि बाहेरचे जवळ येताना दिसत राहतात. दृश्याचा सांगाडा शाबूत राहिला. सायकलींनी मात्र भीती गेली, हसू आले, कारण सायकलवरच्या दरोडेखोराला दम लागतो. नासिर शेख यांना हसूच हवे होते. पण कोणता बदल भीती राखतो आणि कोणता ती घालवतो, हे ज्याने हाताने केले त्यालाच कळते. आमच्या मुलांनी अशी एखादी नक्कल आधी करावी आणि स्वतःचे नंतर करावे असे आम्हांला वाटते. विभागातल्या काहींना हा सल्ला मौलिकतेच्या विरुद्ध वाटतो. नक्कल उतरवल्याशिवाय मौलिक होऊ पाहणारी मुले शेवटी जालावरच्या त्याच ओल्या रस्त्यावर जाऊन पोचतात, एवढेच आम्ही पाहिले आहे.

जळगाव जिल्ह्यातच आणखी एक धडा आहे आणि तो चित्रपटाचा नाही. चाळीसगाव स्टेशनाजवळच्या दगडी बंगल्यात केकी मूस (1912–1989) राहत. छायाचित्रकार, चित्रकार, शिल्पकार. ऐन तारुण्यात मुंबई-विलायत पाहून चाळीसगावी परतले आणि पुढे घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. टेबलावर साध्या घरगुती वस्तू मांडून, प्रकाश हवा तसा वळवून त्यांनी बर्फाळ माळरानांसारखी अख्खी निसर्गदृश्ये उभी केली. आज तो बंगला कलादालन आहे. खर्च नाही म्हणून दृश्य होत नाही अशी तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याने तेथे एक दुपार घालवावी. पण आम्हांला येथे सांगायचे आहे ते त्यांच्याविषयीच्या आख्यायिकेबद्दल. मुंबईला एक मुलगी होती, तिने पंजाब मेलने येईन असे वचन दिले होते. ती आली नाही, आणि मूस रोज रात्री ती गाडी येण्याच्या वेळी दार उघडे ठेवून, दोघांचे जेवण मांडून बसत, असे चाळीसगावात सांगतात. खरेखोटे बाजूला ठेवू. आख्यायिका म्हणून तिची बांधणी पाहण्यासारखी आहे. एक ठरलेली वेळ, एक वस्तू (दुसरे ताट), वाट पाहणारा एक मनुष्य; आणि ती येणार नाही हे ऐकणाऱ्याला ठाऊक. लोकांनी सांगून सांगून हिला इतके घासले आहे की 'एम'मधल्या त्या रिकाम्या ताटाशेजारी ती सहज बसते.

ठरलेल्या वेळेचा मुद्दा थोडा अधिक सांगण्याजोगा. हिचकॉकचा 'सायको' (1960) सुरू होतो तो शहराच्या दृश्याने आणि त्यावर उमटणाऱ्या अक्षरांनी : गाव फिनिक्स, शुक्रवार, 11 डिसेंबर, दुपारचे 2 वाजून 43 मिनिटे. एवढी काटेकोर वेळ कशाला? कथेत तिचे पुढे फारसे काही होत नाही. पण वेळ इतकी नेमकी सांगितली की कोणीतरी नोंद ठेवते आहे, काहीतरी घडून गेले आहे आणि त्याचा पंचनामा चालू आहे, असे वाटू लागते. विद्यार्थी लिहितात 'काही वर्षांपूर्वी, एका गावात'. ही परीकथेची सुरुवात झाली. 'सावदा, मंगळवार, केळीच्या काट्यावर, सकाळचे सव्वासात' असे लिहिले की लगेच काटा कोणाचा, माल कोणाचा, कोण उशिरा आला असे प्रश्न आपोआप उठतात.

संवादांच्या बाबतीत आमचा अनुभव असा की ही मुले घरी अहिराणी किंवा लेवा बोलीत बोलतात आणि चित्रफितीत पात्रे पुण्याच्या मालिकेसारखी बोलतात. विनोदी चित्रफिती मात्र अहिराणीत! बोली म्हणजे हसू हे समीकरण इतके पक्के झाले आहे की बोलीत कोणी दबक्या आवाजात, भीतीने, एखादे वाक्य बोलू शकते हे त्यांच्या मनातच येत नाही. ज्या भाषेत आजीने भुताच्या गोष्टी सांगितल्या, तीच भाषा भीतीच्या कामातून बाद. यावर आम्ही सध्या हट्टाने काम करतो आहोत. एका वाक्यापुरते तरी.

गेल्या उन्हाळ्यात एका विद्यार्थिनीने केलेला आराखडा या सर्व चर्चेत आम्हांला सर्वांत जवळचा वाटला. मे महिना, जळगावची दुपार, पारा पंचेचाळिशीला टेकलेला. पहिल्याच दृश्यात बाहेरच्या खोलीत कूलर घोंघावतो आहे. मधल्या खोलीत आई पाटावर बसून कुरडया मोजते आहे आणि मोजता मोजता शेजघरातल्या मुलीशी मोठ्याने बोलते आहे, कारण कूलरपुढे मोठ्यानेच बोलावे लागते. कॅमेरा बाहेरच्या दाराकडे वळतो. कडी हलते. दार उघडते, एक माणूस चपला काढून हातात घेतो आणि आत येतो. आईला ऐकू जात नाही. ती मोजतेच आहे. माणूस भिंतीला लागून पुढे सरकतो, आणि वीज जाते. कूलर थांबतो. घरात एकदम शांतता. आईचा आकडा तोंडातच राहतो. चेहरा आपल्याला माणसाचा दिसत नाही, तिचाच दिसतो. आणि शेजघरातून मुलगी अहिराणीत एवढेच विचारते की लाइट गयी का?

कागदावर हे उत्तम आहे. यात लपवलेले जवळजवळ काही नाही. माणूस आत आल्याचे आपण पाहिले, आईने पाहिले नाही, आणि ज्या आवाजाने त्याला आजवर झाकले तो आता उरलेला नाही. अडचण उरली ती चित्रीकरणाची. मोबाईलचा मायक्रोफोन कूलरच्या घोंघाटात आपोआप आवाज दाबतो आणि कूलर थांबताच आपोआप चढवतो, त्यामुळे ध्वनिमुद्रणात शांतता शांततेसारखी येत नाही. नुसती खरखर येते. विद्यार्थिनीने कूलर आणि शांतता वेगवेगळी मुद्रित करून नंतर जोडायचे ठरवले. शांतता मुद्रित करायला ती दोन दिवस दुपारी बसली. पहिल्या दिवशी शेजारी लग्नाचा लाउडस्पीकर होता. दुसऱ्या दिवशी वीज गेलीच नाही, आणि शेजाऱ्यांना कूलर बंद करा म्हणायची तिची हिंमत झाली नाही.